फ्री डिशचं रेकॉर्डिंग करणारा घरचा सर्व्हर: दोन पावसाळ्यांनंतर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. डीडी फ्री डिशवरचे कार्यक्रम घरी रेकॉर्ड करायचे असतील तर संगणकावर कमी आणि गच्चीवर, म्हणजे डिश-केबलवर, जास्त पैसे घाला. मी नेमकं उलटं केलं आणि एक अख्खा पावसाळा वाया घालवला.

आम्ही चिपळूणचे. सासरे, म्हणजे आमचे नाना, एसटीत कंडक्टर होते आणि गावच्या नमन मंडळात (नमन म्हणजे कोकणातलं लोकनाट्य) मृदंग वाजवायचे. मंडळाच्या एका जुन्या खेळाची व्हिडिओ कॅसेट आमच्या कपाटात होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात छातीपर्यंत चढलं, तेव्हा टीव्ही, फ्रीज, गाद्या यांच्याबरोबर तीही गेली. टीव्ही-फ्रीज परत आले, कॅसेट कुठून येणार? मग दोन वर्षांनी निरोप आला की सह्याद्रीवर लोककलांच्या कार्यक्रमात मंडळाचं नमन दाखवणार आहेत. शेजारी धरून सतरा माणसं आमच्या बाहेरच्या खोलीत. गण सुरू झाला, मागच्या रांगेत नानांचं मुंडासं दिसल्यासारखं झालं, आणि धो धो पाऊस आला. चित्राचे चौकोन झाले, मग ‘सिग्नल नाही’ची पाटी, मग लाइटच गेली. पंधरा मिनिटांनी लाइट आली तोवर दुसराच कार्यक्रम लागला होता. नाना एवढंच म्हणाले, “मी दिसलो काय गो?”

मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मल्टिमीटर, डाग देणं, तारा ओढणं हे रोजचंच. म्हटलं, पुढच्या वेळी असं व्हायचं नाही.

सुरुवात सगळेच करतात तिथूनच केली. फ्री डिशचा नवा सेट-टॉप बॉक्स तेराशे रुपयांना मिळतो, मागे यूएसबीचं भोक असतं, पेन ड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग होतं. खरं सांगायचं तर दहातल्या सात जणांना एवढंच पुरेल. महिन्यातून एखादी गोष्ट जपून ठेवायची असेल तर हा लेख इथेच सोडा, तेराशे रुपये खर्च करा आणि सुखी व्हा. माझी अडचण वेगळी होती. एक म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना सासूबाईंना दुसरी वाहिनी नीट बघता येईना, आणि त्यावरून रोज संध्याकाळी घरात तह करावे लागत. दुसरं म्हणजे लाइट गेली की बॉक्स घड्याळ विसरायचा आणि लावलेला टायमर हवेत जायचा. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमाचे तुकडे पडतात, ते वेगळंच.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचं काय, असं कुणीतरी विचारणारच. त्यांचं प्रक्षेपण स्क्रॅम्बल केलेलं असतं. त्यांच्याच रेकॉर्डिंगवाल्या बॉक्सशिवाय ते उघडत नाही, आणि त्या बॉक्सातली डिस्क काढून संगणकाला लावली तरी आतलं काही वाचता येत नाही. त्यामुळे घरचा सर्व्हर म्हटलं की आपल्याकडे फ्री डिशच. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं ती सुरू झाली. आता ती ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, महिन्याचा एक पैसा लागत नाही, आणि सह्याद्री तिथे उघडी मिळते. छपराला अँटेना लावून डिजिटल दूरदर्शन घेणं हा दुसरा मार्ग. २०१६ मध्ये दूरदर्शननं मुंबई, औरंगाबाद धरून १६ शहरांत ते सुरू केलं होतं. त्या यादीत चिपळूण नव्हतं, म्हणून त्या वाटेला मी गेलेच नाही.

बरं, सह्याद्री यूट्यूबवर आहे, प्रसार भारतीचं वेव्हज ॲपसुद्धा नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, मग हा सगळा उपद्व्याप कशाला? पुतण्यानं मला हेच विचारलं. उत्तर असं की आपल्याला हवा तो भाग तिथे मिळेलच याचा भरवसा नाही, आणि नानांना फोनवर बोट सरकवत शोधणं जमत नाही. त्यांना घरातलं कपाट लागतं, जिथे वस्तू ठेवली की ती तिथेच असते.

तर संगणक. मी तीन गोष्टींचा विचार केला: रास्पबेरी पाय, छोटा मिनी पीसी, आणि कंपन्यांतून निघालेला जुना डेस्कटॉप. इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सोपं होतं. उपग्रहावरून येणारं चित्र आधीच दाबून, बांधून आलेलं असतं. रेकॉर्डिंग म्हणजे ते बांधलेलं गाठोडं जसंच्या तसं डिस्कवर टाकणं. त्याला प्रोसेसरची ताकद लागतच नाही. आमच्याकडे सह्याद्रीचा एक तास साधारण सव्वा जीबी होतो, म्हणजे सेकंदाला तीन मेगाबिटसुद्धा नाहीत. दहा वर्षांपूर्वीचा संगणकही हे झोपेत करेल.

ताकद लागते ती दाखवताना. सह्याद्री येते चित्र दाबण्याच्या जुन्या एमपीईजी-२ पद्धतीत, त्यातही एकाआड एक ओळींचं चित्र. पुष्कळ स्मार्ट टीव्हींना ते सरळ वाजवता येत नाही. मग सर्व्हरनं ते तिथल्या तिथे उलगडून एच.२६४ या नव्या पद्धतीत पुन्हा बांधून द्यावं लागतं. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांत त्यासाठी क्विक सिंक नावाची सोय चांगली जमलेली आहे, पंखासुद्धा वाढत नाही. रास्पबेरी पाय ५ मधून तर हार्डवेअर एनकोडर काढूनच टाकलाय. म्हणून पाय रेकॉर्डिंगला उत्तम, पण घरभर दाखवायला मी घेणार नाही. शिवाय त्याचं एसडी कार्ड, वारंवार जाणारी वीज आणि कोकणातली हवा या तिघांचं जमत नाही.

मिनी पीसी दिसायला गोड. पण त्यात लॅपटॉपची अडीच इंची डिस्कच बसते. मला साडेतीन इंची मोठी डिस्क आतच हवी होती, बाहेर लोंबकळणारी केबल आणि वेगळा अडॅप्टर नको होता. शेवटी पुण्याहून ९,५०० रुपयांना सहाव्या पिढीच्या आय-५ चा, आठ जीबी रॅमचा, आडवा-बारका डेस्कटॉप मागवला. सिस्टिम जुन्या १२० जीबीच्या एसएसडीवर, रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर. चालू असताना पंचवीस वॅटच्या आसपास खातो, म्हणजे महिन्याला १८ युनिट. सासूबाई मीटर बघतात, म्हणून हा आकडा मला पाठ आहे.

डिस्कसाठी मुंबई-पुण्याकडे बघायची गरज नाही. बाजारपेठेत सीसीटीव्हीवाल्याकडे जा. कॅमेऱ्यांसाठीच्या डिस्क दिवसरात्र लिहीत राहण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि आता तालुक्याच्या गावीही मिळतात. मी २ टीबीची ५,४०० ला घेतली. दीड हजार तास मावतात. एका वाहिनीसाठी साधी डिस्कही चालली असती हे कबूल, पण दुकानदार ओळखीचा आणि वॉरंटीचा बदल तो स्वतः करून देतो, हे मला कागदावरच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

आता ट्यूनर. हीच खरी गंमत. डिश आणि संगणक यांच्यामधली ही डबी. पीसीआय स्लॉटमध्ये बसणारी कार्डं मिळतात आणि यूएसबीला जोडायच्या डब्याही. डीव्हीबी-एस२ लिहिलेलं बघून घ्या, कारण फ्री डिशच्या जुन्या एमपीईजी-२ वाहिन्या डीव्हीबी-एस मध्ये आणि नव्या एमपीईजी-४ वाहिन्या एस२ मध्ये येतात. एस२ ट्यूनर दोन्ही घेतो. डबीला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलाच पाहिजे. डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या तोंडाला, १३ किंवा १८ व्होल्ट केबलमधूनच चढवायचे असतात आणि तेवढा जोर यूएसबीच्या पाच व्होल्टांत नसतो.

एक ट्यूनर घ्यावा की दोन, यावर मी आठवडाभर डोकं खाजवत होते. ते नानांनी सोडवलं. मी त्यांना सांगत होते की उपग्रहावर ट्रान्सपाँडर असतात, एकेका ट्रान्सपाँडरवर दहा-पंधरा वाहिन्या असतात, आणि एक ट्यूनर एका वेळी एकच ट्रान्सपाँडर धरतो. नाना म्हणाले, “म्हणजे गुहागर गाडीत चढलीस तर त्या गाडीतल्या सगळ्यांची तिकिटं फाडता येतील. पण त्याच वेळी दापोली गाडीत चढता येणार नाही.” अगदी तंतोतंत. एकाच गाडीतल्या चार वाहिन्या एकदम रेकॉर्ड करायला एक ट्यूनर पुरतो. दोन गाड्या एकदम पकडायच्या असतील तरच दोन घ्या. आमची सह्याद्री एका गाडीत आणि सासूबाईंची मालिका दुसऱ्या. पण मालिका त्या ताजी बघतात, ती सेट-टॉप बॉक्सवर. सर्व्हरला एकच ट्यूनर पुरला.

इथे एक बचत सांगते, जी डिशवाल्यानं मला सांगितली नाही. एका डिशवर दोन यंत्रं चालवायची तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन केबली हव्यात, असा त्याचा आग्रह होता. (बोलत तो नानांशी होता, मी शेजारी उभी असून.) एरवी ते बरोबर आहे, कारण एक यंत्र उभं ध्रुवीकरण (म्हणजे उभ्या कंपणाऱ्या लहरी) मागतं आणि दुसरं आडवं. पण आम्हाला लागणाऱ्या फ्री डिशच्या सगळ्या वाहिन्या उभ्याच ध्रुवीकरणात आणि खालच्याच पट्ट्यात येतात. दोन्ही यंत्रं एलएनबीकडे एकच गोष्ट मागतात, भांडण होत नाही. त्यामुळे वीज जाऊ देणारा उपग्रहाचा साधा दीडशे रुपयांचा स्प्लिटर चालतो. दोन वर्षं चाललाय.

पहिला ट्यूनर मात्र ऑक्टोबरात जळाला. परतीचा पाऊस, वीज पलीकडच्या डोंगरावर कुठेतरी पडली, आमच्याकडे फक्त टप्प असा आवाज झाला आणि डबीतून जळक्या बेकलाइटसारखा वास आला. चूक माझी. डिशच्या खांबाला अर्थिंग नव्हतं. ८,८०० रुपयांचा धडा. आता केबल घरात शिरते तिथे ग्राउंडिंग ब्लॉक आहे, त्यातून जाड तार खाली जमिनीत, आणि ढग गडगडायला लागले की जो घरात असेल त्यानं केबल काढायची असा नियम आहे. म्हणूनच दुसऱ्यांदाही मी यूएसबीचीच डबी घेतली. जळायचंच असेल तर बाहेरचं जळू दे, मदरबोर्ड नको.

आता गच्ची. हा भाग मी सगळ्यात शेवटी केला, आणि सगळ्यात आधी करायला हवा होता. पहिल्या पावसाळ्यात माझा सर्व्हर उत्तम चालला आणि उत्तम रीतीनं चौकोन रेकॉर्ड केले. जून ते सप्टेंबरातली निम्मी रेकॉर्डिंगं कुठे ना कुठे फाटलेली. कारण सोपं आहे. फ्री डिशच्या लहरी अकरा गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटर लांबीच्या. पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. पूर्वीच्या मोठ्या जाळीच्या डिशवर येणाऱ्या लांब लहरींना पाऊस एवढा बाधत नसे. पाऊस थांबवता येत नाही, पण कोरड्या दिवशी सिग्नल जितका वर असेल तितका तो पावसात तग धरतो.

आमची डिश नेहमीची, ६० सेंटिमीटरची. ती काढून ९० ची लावली. क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबलचा फायदा. कागदावर हे किरकोळ दिसतं. ट्यूनरच्या आकड्यांत कोरड्या दिवशी १२ च्या जागी १५ डीबी दिसायला लागले, आणि जुलैत ज्या सरींना चित्र फुटायचं त्यांतल्या बहुतेक निघून जातात. आभाळ फाटल्यासारखा कोसळतो तेव्हा दहा मिनिटं जातातच. त्याला इलाज नाही.

मोठी डिश बसवणं मात्र खटपटीचं. तिची नजर बारीक असते, ६० ची सव्वातीन अंश तर ९० ची दोनच्या थोडी वर. चिपळूणहून उपग्रह आग्नेयेला, जमिनीपासून ५९ अंश वर. एवढ्या उंच बघायचं असल्यामुळे लांबचे डोंगर आड येत नाहीत, पण जवळचं झाड येतं. शेजारच्या काकांच्या माडाची एक झावळी वारा सुटला की बरोब्बर मध्ये यायची. दर चाळीस सेकंदांनी अर्धा सेकंद चित्र अडकतंय, हे काय आहे म्हणून मी दोन संध्याकाळी सॉफ्टवेअर तपासत बसले होते. शेवटी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेले तेव्हा ती झावळी हलताना दिसली.

केबलही बदलली. जुनी केबल आतून तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड होती आणि जोडांवर नुसती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी सोडली तर आतून हिरवी बुरशी आलेलं पाणी निघालं. आता चांगली आरजी-६, दाबून बसवायचे कनेक्टर, वरून रबरासारखी स्वतःलाच चिकटणारी टेप, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथून टपकतं. डिश, खांब, एलएनबी, केबल, अर्थिंग सगळं मिळून ४,६००. संगणकाच्या निम्म्यानं. आणि फरक सगळा याच पैशांनी पडला.

सॉफ्टवेअरबद्दल लोकांची मतं जितकी ठाम तितका माझा अनुभव कमी, तरी सांगते. पूर्वी विंडोजमध्ये मीडिया सेंटर फुकट येत असे. २०१५ च्या विंडोज १० पासून ते गेलं. विंडोजच ठेवायचं असेल तर नेक्स्टपीव्हीआर बघा. मी आठवडाभर वापरलं, बसवायला सगळ्यात सोपं तेच. मिथटीव्ही २००२ पासूनचं, सगळं येणारं, पण मला ते दहा जणांच्या घरासाठी वाड्याची चावी दिल्यासारखं वाटलं. प्लेक्समध्ये रेकॉर्डिंगसाठी पैसे भरून त्यांचा पास घ्यावा लागतो, म्हणून तो बाद. मी लिनक्सवर रेकॉर्डिंगसाठी टीव्हीहेडएंड घेतलं आणि बघण्यासाठी जेलीफिन.

टीव्हीहेडएंडचं वेब पान पहिल्यांदा उघडलं की सरकारी कचेरीत आल्यासारखं होतं. खिडक्याच खिडक्या, आणि कुठल्या खिडकीवर जायचं ते कुणी सांगत नाही. नेटवर्क, मक्स, सर्व्हिस, चॅनेल अशी चार टेबलं. नानांच्या भाषेत नेटवर्क म्हणजे आगार, मक्स म्हणजे गाडी, सर्व्हिस म्हणजे गाडीतला माणूस आणि चॅनेल म्हणजे त्या माणसाला आपण ठेवलेलं घरचं नाव. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सुरळीत. सिम्बॉल रेट २९५००, ध्रुवीकरण व्ही, एलएनबी युनिव्हर्सल. गाड्या भरल्या की माणसं आपोआप सापडतात. एकदा लावल्यावर ते इतकं मुकाट्यानं काम करतं की महिनोन् महिने त्याच्याकडे बघावं लागत नाही.

फ्री डिशवर खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि १ एप्रिलला नवं बिऱ्हाड येतं. तेव्हा पुन्हा स्कॅन करायचा. मी गुढीपाडव्याच्या साफसफाईत तोही धरून टाकलाय. दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात, चालतं.

रेकॉर्डिंग मी कार्यक्रमाच्या नावावर न लावता वेळेवर लावते. अमुक वारी अमुक वाजता, आधी पाच मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं जादा. डिस्क स्वस्त आहे, नानांचा चेहरा महाग. जाहिराती ओळखून कापणारं कॉमस्किप नावाचं साधन आहे, ते क्षणभर काळं होणारं चित्र आणि वाहिनीचा शिक्का बघून अंदाज बांधतं. आपल्याकडे चित्र आकसून खाली-बाजूला जाहिरात येते, चालत्या कार्यक्रमातच. तिथे ते बिचारं काय करणार? मी बंद केलं. नाना जाहिरातीत पाणी प्यायला उठतात, तेवढंच चालणं होतं.

ट्यूनरच्या ड्रायव्हरचा मात्र त्रास आहे आणि तो विकत घेण्याआधी माहीत असावा. स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून नसतो, वेगळा उतरवून कंपाइल करावा लागतो. मग एखाद्या दिवशी सिस्टिम स्वतःहून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट करते आणि ट्यूनर गायब. माझ्याकडे ते नेमकं गणपतीत झालं, घरात बावीस माणसं असताना. पुतण्यानं पुण्याहून फोनवर सांगत सांगत माझ्याकडून दुरुस्त करून घेतलं. त्यानंतर कर्नलचं अपडेट रोखून ठेवायची आज्ञा शिकले. जो ट्यूनर घेणार त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे का, हे आधी शोधा. यासाठी हजारभर रुपये जास्त गेले तरी द्या.

आणखी एक खोड सांगते, कारण ती सापडायला तीन आठवडे लागले. फाइलवर नाव संध्याकाळी सातचं, आत मात्र रात्री साडेअकराचं काहीतरी. रोज नाही, कधीमधी. शेवटी वहीत लिहायला लागले तेव्हा लक्षात आलं की ज्या दिवशी दुपारी लांब वेळ लाइट गेली, त्याच दिवशी हे होतं. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी मेलेली होती. वीज गेली की संगणकाचं घड्याळ थांबायचं, आणि लाइट आली तरी ते दुरुस्त करणारं इंटरनेट यायला रात्र व्हायची. तोवर त्याच्या लेखी दुपारच. चाळीस रुपयांची सीआर-२०३२ बदलली. टीव्हीहेडएंडमध्ये उपग्रहाच्या प्रक्षेपणातूनच वेळ उचलायची सोय आहे, तीही चालू केली. संगणकाच्या बायोस सेटिंगमध्ये ‘वीज परतली की आपोआप सुरू हो’ हा पर्याय आणि ६०० व्हीएचा यूपीएस, ३,१०० रुपये. अर्धा तास ओढतो. वाऱ्यापावसात जाणारी लाइट बहुतेकदा तेवढ्यात येते.

सर्व्हर वरच्या मजल्यावर आहे. चिपळुणात हे वेगळं सांगायला नको.

बघण्याची सोय जेलीफिननं फारच छान केली. टीव्हीहेडएंड जिथे फायली टाकतं तोच फोल्डर जेलीफिनला दाखवला, बस. टीव्हीवर ॲप, त्यात मोठी चित्रं, नाना बाण दाबत जातात आणि ओके करतात. फायलींना मी ‘बातम्या’, ‘शेती’, ‘नमन-जाखडी’ अशी साधी नावं दिलीत. एकूण खर्च ३१,४००, जळालेला ट्यूनर धरला तर ४०,२००. मला विचाराल तर हा छंद आहे, बचत नाही.

कायद्याचं कुणी विचारलं म्हणून सांगते, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करू देतं. मंडळातल्या मुलांना ते यूट्यूबवर टाकायचं होतं, त्यांना मी नाही म्हटलं. बघायला घरी या, चहा करते.

ते आमचं नमन? पुन्हा लागलेलं नाही. त्या वेळेचा टायमर दोन वर्षं तसाच आहे. त्यात दुसऱ्या मंडळांचे, दुसऱ्या वाड्यांचे खेळ जमत गेलेत. नाना ते दुपारी लावतात, नमनातला संकासूर आला की आवाज वाढवतात आणि मृदंग सुरू झाला की मान हलवतात. “थाप उघडी पडतेय याची,” असं परवा सासूबाईंना सांगत होते. आणि बातम्यांतला हवामानाचा अंदाज ते आठवड्यानं बघतात, मुद्दाम. वहीत रोजच्या पावसाची नोंद असते, ती समोर धरतात. “बघ, बुधवारी मुसळधार म्हणाला होता. पडला काय गो?”

झावळी अजून तिथेच आहे. काका म्हणतात, माडावर चढणारा आला की तोडू. तो मे महिन्यापासून येतोय.